कुंभार की कुंभाराचे गाढव? टॉम डाउड यांची वाटचाल आणि श्रेयाचा प्रश्न



मागच्या व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी आम्हाला दाराशी गाठलं. सोबत बारावीतला नातू होता. म्हणाले, "सर, याला साउंड इंजिनिअर व्हायचंय. तुम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलंत, तर सांगा बरं, यात करिअर आहे का?" आम्ही म्हटलं, पुढच्या वेळी या, तोवर विचार करून ठेवतो. ते आज आलेले आहेत, दुसऱ्या रांगेत बसलेत. नातू काही दिसत नाही. असो, नातवाला ध्वनिमुद्रण ऐकता येईल.

एवढ्या साध्या प्रश्नाला महिनाभर का लागला? कारण हाच प्रश्न पंचवीसेक वर्षांपूर्वी आम्हाला एका विद्यार्थ्याने विचारला होता आणि आम्ही अर्ध्या मिनिटात उत्तर दिलं होतं. ते चुकलं. ती गोष्ट शेवटी सांगू. आधी विषय.

आजच्या समीक्षेचा विषय म्हणजे एक माहितीपट आणि त्यात सांगितलेलं एक आयुष्य. माहितीपटाचं नाव 'टॉम डाउड अँड द लँग्वेज ऑफ म्युझिक', दिग्दर्शक मार्क मूरमन, साल 2003. टॉम डाउड हे अमेरिकेतले ध्वनिमुद्रण अभियंते आणि रेकॉर्ड प्रोड्यूसर. जन्म 20 ऑक्टोबर 1925, न्यूयॉर्क. मृत्यू 27 ऑक्टोबर 2002, फ्लोरिडा. म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर हा माहितीपट लोकांपुढे आला. त्यांचं नाव आपल्यापैकी फार कमी जणांनी ऐकलं असेल. रे चार्ल्स, जॉन कोल्ट्रेन, अरीथा फ्रँकलिन, ओटिस रेडिंग, एरिक क्लॅप्टन ही नावं मात्र पाश्चात्त्य संगीताशी ओझरता संबंध असलेल्यालाही ठाऊक असतात. या सगळ्यांचा आवाज ज्या हातांतून गेला, ते हात डाउड यांचे.

इथे एक खुलासा करतो. 'प्रोड्यूसर' म्हटलं की आपल्याला नाटकाचा निर्माता आठवतो, म्हणजे पैसे घालणारा आणि तारखा मिळवणारा. रेकॉर्ड प्रोड्यूसर तसा नसतो. तो नाटकाच्या दिग्दर्शकाला जवळचा. कोणतं गाणं घ्यायचं, कोण वाजवणार, कोणता टेक ठेवायचा, कुठे थांबायचं, हे तो ठरवतो. अभियंता ते कसं ऐकू येईल हे पाहतो: माइक कुठे, अंतर किती, कोणाचा आवाज किती. डाउड यांची सुरुवात अभियंता म्हणून झाली आणि ते प्रोड्यूसर झाले, पण पहिलं काम त्यांनी सोडलं नाही.

आता 'करिअर' हा शब्द बघा. फ्रेंचमधून इंग्रजीत आला, मुळाशी लॅटिनमधली गाडी आहे. अर्थ काय, तर गाडीवाट. पुढे शर्यतीचं मैदान. म्हणजे वाट आधीच आखलेली आहे, आपण फक्त गाडी हाकायची. डाउड यांच्या आयुष्याला हा शब्द लागू पडतो का? आम्हाला वाटतं, नाही.

घरात संगीत होतं. आई ऑपेरा गाणारी, वडील वाद्यवृंदात. मुलगा पियानो, व्हायोलिन, ट्यूबा अशी वाद्यं शिकला. पण डोकं भौतिकशास्त्राचं. शाळा संपवून सोळा-सतराव्या वर्षी कोलंबिया विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत कामाला लागला. पुढे सैन्यात भरती झाली, तरी काम तेच राहिलं. ते काम मॅनहॅटन प्रकल्पाचा, म्हणजे अणुबॉम्बच्या निर्मितीचा भाग होतं. 1946 साली बिकिनी बेटांवर अणुचाचण्या झाल्या, त्या मोहिमेतही हा तरुण होता.

युद्ध संपलं. पदवी पूर्ण करावी असा विचार होता. अडचण अशी, की विद्यापीठातला अभ्यासक्रम युद्धाआधीच्या भौतिकशास्त्राचा, आणि याने प्रत्यक्ष जे केलं होतं ते सरकारी गुपित. वर्गात जे शिकवतात ते जुनं झालंय हे याला ठाऊक, पण तसं बोलायची सोय नाही. ज्ञान आहे, पण ते आपल्याला आहे हे सिद्ध करता येत नाही. ज्ञानमीमांसा शिकवणाऱ्या माणसाला याहून मजेशीर आणि याहून दुःखद उदाहरण सापडणं कठीण. मग त्याने एका ध्वनिमुद्रण स्टुडिओत नोकरी धरली. तीच नोकरी पुढे आयुष्य झाली.

इथे आमचा माहितीपटावरचा पहिला आक्षेप. बॉम्बकडून संगीताकडे, हे वळण त्यात एका सुरस किश्शासारखं येतं आणि कथा पुढे निघते. आमच्या मते या माणसाला विचारण्याजोगा सर्वांत मोठा प्रश्न तिथेच होता. जे बनवलं त्याचं पुढे काय झालं, यात आपला वाटा किती? हजारो माणसं एकेक छोटं काम करत होती, एकूण काय घडतंय ते बहुतेकांना ठाऊक नव्हतं. त्यांना कर्ते म्हणायचं की नाही? हाच प्रश्न या माणसाच्या पुढच्या आयुष्यात सौम्य रूपात पुन्हा उभा राहतो: जे गाणं झालं, त्यात आपला वाटा किती? दोन प्रश्न एकच आहेत. माहितीपट ते जोडत नाही.

हा प्रश्न आपल्याकडे फार बारकाईने विचारला गेलेला आहे. एम.ए.ला भारतीय दर्शनं घेतलेल्यांना विश्वनाथांची कारिकावली आठवत असेल. कारण कशाला म्हणायचं? जे कार्याच्या आधी नेमाने हजर असतं, आणि ज्याच्यावाचून भागण्याजोगं नसतं, ते कारण. जे हजर तर असतं, पण ज्याला कारण मानण्याची गरज नाही, ते 'अन्यथासिद्ध'. त्याचे पाच प्रकार सांगतात आणि सगळी उदाहरणं कुंभाराच्या घरातली. दंडाचं दंडपण, दंडाचा रंग, आकाश, कुंभाराचा बाप आणि पाचवं, माती वाहून आणणारं गाढव. गाढवाने या घटाची माती आणली खरी, पण दुसऱ्या घटाची माती बैलगाडीतून आली असती तरी घट झालाच असता. म्हणून गाढव कारण नव्हे.

रेकॉर्डिंग करणाऱ्या माणसाला आपण मनातल्या मनात या पाचव्या जागी बसवलेलं आहे. पटत नसेल तर रेडिओ आठवा. आपल्या पिढीला गाण्याआधी गायक, गीतकार, संगीतकार ही तीन नावं ऐकायची सवय. ध्वनिमुद्रकाचं नाव कधी ऐकलंत? गाणं त्याने आणून दिलं, झालं. मातीसारखं.

तर आजचा प्रश्न असा: डाउड कुंभार की कुंभाराचं गाढव? अन्वय-व्यतिरेकाने तपासू. म्हणजे तो असता काय घडतं, नसता काय घडत नाही.

पहिलं उदाहरण मेम्फिसचं. तिथे स्टॅक्स नावाची छोटी रेकॉर्ड कंपनी होती. स्टुडिओ कुठे, तर एका जुन्या सिनेमा थिएटरात. जमीन उतरती, तशीच ठेवलेली. 1963 साली तिथलं रेकॉर्डिंग यंत्र बंद पडलं. डाउड न्यूयॉर्कहून गेले, सुटे भाग मागवून घेतले, यंत्र दुरुस्त केलं आणि मग तिथेच रूफस टॉमस यांचं 'वॉकिंग द डॉग' ध्वनिमुद्रित झालं. गाणं गाजलं. आता इथे डाउड कोण? प्रामाणिकपणे सांगायचं तर, गाढव. दुसरा कोणी जाणता मेकॅनिक आला असता तरी यंत्र चालू झालं असतं. आम्ही हे त्यांच्या विरोधात म्हणत नाही. प्रत्येक व्यवसायात निम्मं काम गाढवाचंच असतं, प्राध्यापकीत निम्म्याहून जास्त. पेपर तपासलेत कधी?

पण त्या थिएटरातली एक गोष्ट ध्यानात ठेवा. पाच अन्यथासिद्धांत 'आकाश' आहे ना? घटासाठी आकाश गैरलागू. परंतु न्यायमतात शब्दाचं, म्हणजे ध्वनीचं, समवायी कारण आकाशच. घटाला जे नगण्य, तेच ध्वनीला मूलभूत! उतरत्या जमिनीच्या त्या खोलीचा स्वतःचा एक आवाज होता आणि स्टॅक्सच्या रेकॉर्ड्सवर तो ऐकू येतो. 1965 साली याच ठिकाणी ओटिस रेडिंग यांचा 'ओटिस ब्लू' जवळजवळ पूर्ण, जेमतेम दोन दिवसांत झाला, अभियंता डाउड. खोलीला मारून मुटकून गप्प बसवायचं की तिला गाण्यात बोलू द्यायचं, हा निर्णय कोण घेतो? गायक घेत नाही, तो अभियंता घेतो. म्हणजे कुंभाराच्या अंगणात जो नगण्य, तो ध्वनीच्या अंगणात नगण्य राहत नाही. आमच्या युक्तिवादातली ही पहिली पायरी.

दुसरी पायरी यंत्राची. अटलांटिक रेकॉर्ड्स ही न्यूयॉर्कची कंपनी 1947 साली निघाली. अहमत एर्तेगन आणि हर्ब एब्रॅमसन तिचे संस्थापक. सुरुवातीच्या काळात त्यांचं ऑफिस हाच स्टुडिओ. संध्याकाळी टेबलं सरकवायची, एकावर एक रचायची, मग वादक आत. तेव्हाचं रेकॉर्डिंग म्हणजे एकच धागा. सगळे एकदम वाजवणार, अभियंता तिथल्या तिथे आवाजांचा मेळ बसवणार, आणि जे उतरलं ते उतरलं. मागाहून दुरुस्ती नाही. एकाची चूक झाली की सगळ्यांनी पुन्हा. अशा रेकॉर्डिंगला आपण साक्ष म्हणू शकतो. अमक्या रात्री अमुक घडलं, त्याची साक्ष.

1958च्या सुमारास डाउड यांनी कंपनीला एक नवं यंत्र घ्यायला लावलं. अँपेक्स कंपनीचं, आठ ट्रॅकचं. असं यंत्र आधी लेस पॉल या गिटारवादकाने स्वतःसाठी करवून घेतलं होतं. आठ आवाज आठ वेगळ्या पट्ट्यांवर. आज गाणाऱ्याचा, उद्या तंतुवाद्यांचा. मेळ परवा बसवू. हे किती पुढचं होतं त्याचा अंदाज घ्या: बीटल्सचा 1967चा 'सार्जंट पेपर' लंडनमध्ये चार ट्रॅकच्या यंत्रांवर झाला.

त्याच सुमाराची एक बारीक गोष्ट आम्हाला फार आवडते. तेव्हाच्या मिक्सिंगच्या टेबलावर मोठाले गोल नॉब असत. दोन हातांनी एका वेळी फिरवणार किती, दोन किंवा तीन. डाउड हे सरकते फेडर वापरात आणणाऱ्या पहिल्या काही जणांपैकी. सरळ खाचेत वरखाली होणाऱ्या पट्ट्या शेजारी शेजारी बसवल्या, की प्रत्येक बोटाखाली एक आवाज. हे पियानो वाजवणाऱ्यालाच सुचावं. बोटांना जे ठाऊक होतं ते त्यांनी यंत्रात आणलं. ज्या विद्येला प्रमाणपत्र मिळालं नाही ती, आणि ज्या विद्येची पोट भरण्यासाठी गरज पडली नव्हती ती, या दोन्ही तिथे एकत्र आल्या. करिअरच्या आखीव वाटेवर अशी भेट होत नाही, कारण आखीव वाट एका विद्येला दुसरीपासून दूर ठेवते.

या यंत्राने संगीताचं काय केलं? आता मीमांसक आणि नैयायिक यांचं जुनं भांडण आठवा. मीमांसक म्हणतात शब्द नित्य आहे, उच्चार तो फक्त प्रकट करतो. अंधारात ठेवलेला घट दिव्याने दिसावा तसा. नैयायिक म्हणतात, नाही, शब्द उत्पन्न होतो आणि नाश पावतो. कुंभार घट घडवतो तसा. एका धाग्यावरच्या रेकॉर्डिंगमध्ये अभियंता म्हणजे मीमांसकांचा दिवा. गाणं आधी घडलंय, तो फक्त दाखवतो. आठ ट्रॅक आले आणि पारडं फिरलं. जे गाणं आपण ऐकतो ते कोणत्याही रात्री, कोणत्याही खोलीत, त्या रूपात घडलेलंच नसतं. ते पहिल्यांदा घडतं ते मिक्सिंगच्या टेबलावर. म्हणजे दिवा ठेवणारा कुंभार झाला. एकाच माणसाच्या हयातीत, त्याच्याच हातून.

माहितीपटात एक प्रसंग आहे. म्हातारे डाउड 'लैला' या गाण्याचे ट्रॅक टेबलावर लावून बसतात आणि एकेक आवाज वर करून ऐकवतात, ही गिटार, ही दुसरी गिटार. चेहरा लहान मुलाचा. सगळ्या माहितीपटात आमच्या मते हा सर्वोत्तम भाग, कारण तिथे कोणी डाउड यांची स्तुती करत नाही. ते काम करताना दिसतात.

'लैला'चीच गोष्ट तिसरी पायरी. 1970च्या ऑगस्टमध्ये मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत डाउड यांच्याकडे एरिक क्लॅप्टन यांचा संच, 'डेरेक अँड द डॉमिनोज', येऊन थांबला होता. डाउड ऑलमन ब्रदर्स या संचाबरोबरही काम करत होते. त्यांचा मायामीत कार्यक्रम होता. डाउड क्लॅप्टन यांना तिथे घेऊन गेले. त्या भेटीतून ड्वेन ऑलमन स्टुडिओत आले, आणि दोन गिटारींचा तो संवाद त्या रेकॉर्डचा प्राण झाला. ऑलमन पुढच्याच वर्षी, 29 ऑक्टोबर 1971 रोजी, चोविसाव्या वर्षी अपघातात गेले. म्हणजे ती भेट घडण्याचा काळ फार थोडा होता. इथे डाउड यांनी वाजवलं काही नाही, लिहिलं काही नाही. लग्न जुळवणाऱ्यासारखं दोघांना समोरासमोर आणलं. तरी व्यतिरेक बघा: तो नसता, तर ते तसं घडलं असतं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. निमित्तकारण म्हणतात ते हेच.

आणि काढून टाकणं हेही काम असतं. 1971च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये ऑलमन ब्रदर्सचं प्रत्यक्ष कार्यक्रमातलं ध्वनिमुद्रण झालं. संचाने सोबत फुंकवाद्यं वाजवणारे आणले होते. डाउड यांनी ते चालणार नाहीत असं ठणकावून सांगितलं, आणि ते गेले. आज ती रेकॉर्ड अशा ध्वनिमुद्रणांतली अव्वल मानली जाते. जे त्यात नाही, ते नसण्याचं श्रेय कुठल्या रकान्यात लिहाल?

आता दुसरा आक्षेप, आणि हा गंभीर आहे. क्रीम या संचाच्या 'सनशाइन ऑफ युअर लव्ह' या गाण्याचा ठेका आपण सुचवला, अमेरिकन आदिवासींच्या ढोलासारखा वाजवा असं आपण म्हणालो, असं डाउड सांगतात. ड्रमवादक जिंजर बेकर यांनी मात्र ती कल्पना स्वतःची असल्याचं सांगितलं आहे. माहितीपट डाउड यांचं म्हणणं उचलतो. शब्दप्रमाणासाठी वक्ता आप्त लागतो, म्हणजे जाणकार आणि यथार्थ बोलणारा. इथे दोघेही जाणकार, दोघेही हजर, आणि दोघेही पक्षकार. खरं-खोटं आम्ही ठरवणार नाही. पण चरित्रपटाने निदान वाद आहे एवढं सांगायला हवं होतं. ज्या माणसाचं श्रेय इतकी वर्षं दडलं होतं, त्याला ते देताना दुसऱ्याच्या खिशातून काढून दिलं, तर न्याय झाला असं म्हणता येत नाही. बॉम्बच्या बाबतीत वाटा विचारायचाच नाही आणि ठेक्याच्या बाबतीत पुरता मागायचा, हे बरोबर नाही. श्रेय आणि जबाबदारी एकाच तराजूने तोलायची असतात.

तर निष्कर्ष? डाउड कधी गाढव होते, कधी दिवा, कधी कुंभार. आणि मोठेपण यात, की तिन्ही कामं त्यांनी सारख्याच निष्ठेने केली. यंत्राचा सुटा भाग बदलताना, हे माझ्या योग्यतेचं काम नाही, असं त्यांना वाटलेलं दिसत नाही. त्यांची वाटचाल हा आदर्श नकाशा मात्र मानू नका. ती टेबलं सरकवलेली ऑफिसं, पगारी अभियंत्यांचे ते स्टुडिओ, रेकॉर्ड विकून चालणाऱ्या त्या कंपन्या आता त्या रूपात राहिल्या नाहीत. घरच्या लॅपटॉपवर शेकड्याने ट्रॅक मिळतात. वाट गेली. उरतो तो वाट नसताना चालण्याचा गुण.

आता आमची गोष्ट. तो विद्यार्थी तबला छान वाजवायचा, एम.ए.ला पहिल्या वर्गात आला होता. एका नामवंत संस्थेत ध्वनिमुद्रण शिकायला जायचं होतं, शिफारसपत्र हवं होतं. आम्ही म्हणालो, "अरे, हे बटणं फिरवायचं काम. त्यात तुझं डोकं वाया जाईल." पत्र दिलं नाही. त्याने हट्ट केला नाही. आमच्यावर विश्वास होता त्याचा, तेच वाईट झालं. बँकेत लागला, चांगला वर पोचला. अलीकडे एका लग्नात भेटला. मांडवात लाउडस्पीकर शिट्टी मारत होता. तो उठून गेला, एक माइक दोन हात मागे घेतला, शिट्टी थांबली. परत येऊन जेवायला बसला. आम्ही त्याच्याशी हवापाण्याचं बोललो. जे बोलायला हवं होतं ते बोललो नाही.

चूक काय झाली ते आज सांगता येतं. यात करिअर आहे की नाही हे आम्हाला माहीत नव्हतं, ती चूक नव्हे. अन्यथासिद्ध कोण हे आम्ही तपासण्याआधीच ठरवून टाकलं, ती चूक. न्यायशास्त्र शिकवणाऱ्याने व्यतिरेक न बघता निकाल दिला.

व्यतिरेक आम्हाला पुढे इथेच मिळाला. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात याच मालिकेत आम्ही कार्यकारणभावावर बोललो. आमच्या मते ते आमचं सर्वांत चांगलं व्याख्यान. त्या दिवशी वीज गेली आणि रेकॉर्डर चाललाच नाही. जे इंटरनेटवरून ऐकतात आणि वाचतात, त्यांच्यासाठी ते व्याख्यान झालंच नाही. आज खांबाजवळ कानाला हेडफोन लावून जी मुलगी बसली आहे, ती नसेल तर या शब्दांचंही तेच होईल. व्याख्यान संपल्यावर तिला नाव विचारा. आम्ही विचारलं, पण दोन वर्षं उशिरा.

आजोबा, तुमच्या नातवाला यात करिअर आहे का, ते आम्हाला सांगता येणार नाही. त्याला एवढं विचारा, की जिथे आपलं नाव येणार नाही असं काम नीट केल्याशिवाय त्याला झोप लागते का. लागत नसेल, तर त्याला आमच्याकडे पाठवा. शिफारसपत्र लिहून ठेवतो.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर विचारा, फक्त माइक हातात घेऊन विचारा.